यंत्राची किल्ली कोणाकडे?



यंत्राने गरिबाचे भले होते की वाटोळे, हा वाद आपल्या वस्तीत नेहमी निघतो. मळणीयंत्र आले नि मजुरी बुडाली, असे वडीलधारी सांगतात. मोबाईलने पोरे बिघडली, असे आयाबाया म्हणतात. धम्म स्वीकारलेल्या माणसाने मात्र कारण तपासूनच उत्तर दिले पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 1945 साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात हेच केले. दोष यंत्राचा नव्हे, त्याचा लाभ मूठभरांच्या पदरात टाकणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. दिवसभर गुरासारखा राबणारा माणूस विचार केव्हा करणार? ती उसंत यंत्रच देऊ शकते.

आता आपल्या जुन्नर-आंबेगावकडे पाहा. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकी, कातळात खोदलेल्या आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दान दिल्याचा शिलालेख तेथे आहे. परक्या देशीचा माणूस संघाची तहान ओळखतो! आणि याच महाराष्ट्रात 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी आपल्या वाडवडिलांना सत्याग्रह करावा लागला. तळ्यात पाणी भरपूर होते. वाट माणसांनी अडवली होती.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले. कालव्यांनी खालची शेते भिजली आणि वर जुने आंबेगाव, आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पुढे त्याच विस्थापितांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभारली आणि जलाशयात तरंगते पिंजरे लावून मासे वाढवले. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या 'शाश्वत' संस्थेला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बुडालेली जमीन परत आली नाही, हे विसरू नका. पण ज्या पाण्याने घर नेले, त्या पाण्यावर संघटित माणसांनी हक्क मिळवला.

म्हणून वस्तीत पंप, सौरदिवा किंवा संगणक आला, की हार घालण्याआधी विचारा: किल्ली कोणाकडे राहणार? बिघडल्यास दुरुस्ती आपल्यापैकी कोणाला येते? आपल्या मुलींचा हात त्याला लागणार का? उत्तरे मिळत नसतील, तर ते दान नव्हे, नवे मिंधेपण आहे. विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास यासाठी द्या. एका मुलाला आणि एका मुलीला ते यंत्र खोलून जोडावयास शिकवा. प्रज्ञा अशीच हाताला येते, आणि ती सर्वांमध्ये वाटणे हीच करुणा.

जयभीम! नमो बुद्धाय!