परक्या वारशाची शोभा

पूर्वजांनीं ठेवलेली वस्तु आणि बाजारांतून आणलेली वस्तु यांतील भेद एके काळीं कोणास समजावून सांगावा लागत नसे. पहिली घराबरोबर येई, दुसरी पैशाबरोबर. आतां मात्र पैसे मोजून पूर्वजांची वस्तुही आणतां येते. एवढेंच कीं ते पूर्वज दुसऱ्याचे असतात. मुंबईच्या चोरबाजारांतील मटन स्ट्रीटवर जुन्या सामानाच्या दुकानांत कोरीव खुर्च्या, संगमरवरी माथ्याचीं मेजें, निळ्या वेलबुट्टीचीं चिनी भांडीं मांडलेलीं दिसतात. पालघर-बोईसरकडील एखाद्या नव्या घराचा दिवाणखाना त्यांनीं सजवावा असें घरधन्याच्या मनांत आलें, तर त्यांत नवल नाहीं. पण तसें करावें काय, आणि करावयाचें तर कोणत्या नीतीनें? हा प्रश्न वरवर रसिकतेचा दिसतो. माझ्या मतें तो मुख्यतः सत्याचा आहे.

या किनाऱ्यास चीन अपरिचित नाहीं. तारापूर, डहाणू, बोर्डी हीं पारशी वस्तीचीं जुनीं ठिकाणें. तारापूरचे विकाजी मेहेरजी व त्यांचे बंधु पेस्तनजी यांची पेढी निजामाच्या राज्यांत नांवाजलेली होती, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरास पोंचविण्यांत तिचा मोठा वांटा होता. पेशवाईच्या उत्तरकाळीं तारापूरचा किल्लाच विकाजींस इनाम मिळाला होता. त्या काळीं मुंबईहून कापूस, आणि पुढें माळव्याची अफू, कँटनला जात असे. परतीच्या गलबतांतून चहा, रेशीम, चिनी मातीचीं भांडीं आणि कोरीव लाकूडसामान येई. पारशी स्त्रियांचा भरतकामाचा गारा हा त्याच व्यापाराचा वारसा होय. आपल्या घरांत लोणच्याच्या बरणीस आपण आजही चिनी मातीची म्हणतों, मग ती कोठेंही भाजलेली असो.

तेव्हां या वस्तु परक्या आहेत, म्हणून त्यांस दार बंद करावें, हा विचार फार वेळ टिकत नाहीं. मिंग राजवटीच्या (१३६८–१६४४) उत्तरकाळांतील चिनी सुतारांनीं खाच आणि कुसू यांच्या सांध्यावर खुर्च्या, पलंग व कपाटें उभारलीं. खिळ्याचा आधार त्यांनीं जवळजवळ घेतलाच नाहीं. ज्या पिवळसर, सुवासिक लाकडाची त्यांना विशेष आवड होती, तें हैनान बेटावरील झाड आपल्या शिसवीच्याच जातकुळींतलें. चिनी राजवाड्यांत मानानें मिरविलेलें ‘झितान’ लाकूड म्हणजे तर बहुतेक अभ्यासकांच्या मतें दक्षिण भारतांतील रक्तचंदन! सौंदर्याच्या प्रांतांत आपलें आणि परकें यांची शीव इतकी सहज आंखतां येत नाहीं.

परंतु येथें कोणी नीतिवादी आपणांस थांबवून विचारील, “त्या गलबतांतून चीनला काय गेलें, तें विसरलांत काय?” हा आक्षेप हलका नाहीं. १८३९ मध्यें आयुक्त लिन झेशू यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट करविली. त्यावरून युद्ध पेटलें आणि तें १८४२ पर्यंत चाललें. १८६० मध्यें पेकिंगजवळील बादशहाचा उन्हाळी राजवाडा इंग्रज व फ्रेंच सैन्यांनीं लुटला. इंग्रजांच्या त्या फौजेंत हिंदी पलटणीही होत्या. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांच्या दानानें मुंबईस मोठें रुग्णालय मिळालें, आणि त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनच्या, म्हणजे अफूच्याही, व्यापारांतून आला होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरी पुसली जात नाहीं.

मग ती खुर्ची जाळावी काय? तसें केल्यानें कोणाही व्यसनी मनुष्याचा दीडशें वर्षांपूर्वीचा संसार सावरत नाहीं. ज्या कारागिरानें तिच्यावर वेलबुट्टी कोरली, त्याचे श्रम मात्र वायां जातात. वस्तु पाप करीत नाहीं. पण तिच्याविषयीं जाणूनबुजून मौन पाळणारा मनुष्य करूं शकतो, आणि तें पाप पूर्वजांचें नसून सर्वस्वीं त्याचें स्वतःचें असतें.

हें मौन खरेदीच्या क्षणापासून सुरू होतें. समजा, तारापूरच्या एखाद्या जुन्या घरांतील वृद्ध बाई मुलाकडे मुंबईस राहावयास निघाली आहे. तेथील दोन खोल्यांत अवजड सामान मावणार नाहीं, म्हणून ती ओटीवरची खुर्ची लाकडाच्या भावानें देऊं करते. ती खुर्ची कँटनची व दुर्मिळ आहे, हें घेणाऱ्यास ठाऊक आहे, तिला नाहीं. त्यानें काय करावें? दोन हजार वर्षांपूर्वीं रोमच्या सिसेरोनें कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथांत हाच पेंच मांडला आहे. कोणी सोनें पितळ समजून विकीत असेल, तर सज्जनानें तें सोनें आहे असें सांगावें, कीं एका नाण्यांत हजार नाण्यांचा माल घरीं न्यावा? अशा प्रश्नांवर स्टोइक तत्त्ववेत्त्यांत दोन पक्ष होते. डायोजिनीस म्हणे, कायदा जेवढें सांगावयास लावतो तेवढें सांगितलें आणि कपट केलें नाहीं, म्हणजे पुरे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणे, ठाऊक असलेलें लपवून आपला लाभ साधणें हें मनुष्यधर्मास सोडून आहे.

डायोजिनीसच्या बाजूनें एक गोष्ट बोलण्याजोगी आहे. लाकडाची, सांध्याची, कोरीवकामाची पारख वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें येते. त्या श्रमाचें फळ अभ्यासकास मिळूं नये काय? दोन व्यापाऱ्यांमध्यें हा युक्तिवाद मला मान्य आहे, कारण दोघेही तो खेळ समजून उतरलेले असतात. पण ती बाई खेळांत उतरलेली नाहीं. ती घर आवरीत आहे. तिच्या अडचणीचा फायदा घेणें हें विद्येचें फळ म्हणतां येणार नाहीं. वस्तु काय आहे हें आधीं सांगावें आणि मग खुशाल घासाघीस करावी. एवढा नियम पाळल्यानें संग्राहकाच्या घरांत दोन वस्तु कमी येतील. पण ज्या येतील त्यांच्याकडे त्याला मान वर करून पाहतां येईल.

सत्याची दुसरी परीक्षा दिवाणखान्यांत होते. पाहुणा विचारतो, “ही आपल्या घराण्यांतली वाटतें?” यावर नुसतें मंद हंसणें हेंही असत्यच. दुसऱ्याच्या आजोबांची खुर्ची बसावयास घेतां येते, पण त्यांचें आजोबापण घेतां येत नाहीं. सर रतन टाटा (१८७१–१९१८) यांनीं जमविलेल्या चिनी वस्तु आज मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहेत, आणि त्या कोणाच्या संग्रहांतून आल्या हें तेथें उघड सांगितलेलें असतें. घरांत अशा पाट्या लावणें शोभणार नाहीं, हें खरें. तेथें पाटीचें काम घरधन्याच्या जिभेनें केलें पाहिजे. १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु खाजगी रीतीनें देशाबाहेर नेऊं देत नाहीं. घरांत तिच्याविषयीं खरें बोलावें असें मात्र कोणताही कायदा सांगत नाहीं. तें आपलें आपणच ठरवावयाचें असतें.

माझी सूचना साधी आहे. अशी वस्तु घरांत आणली, तर एका कागदावर ती कोणाकडून, केव्हां, किती रुपयांस घेतली आणि तिच्या मूळाविषयीं काय समजलें, तें लिहून तो कागद घरच्या दस्तऐवजांत ठेवावा. अफूचा किंवा लुटीचा संशय असेल तर तोही लिहावा; मूळ ठाऊक नसेल तर तसेंच लिहावें. पुढें मुलांना ती खुर्ची मिळेल तेव्हां हा कागदही मिळेल, आणि त्या दिवसापासून ती खुर्ची त्या घराचा वारसा म्हणवून घेण्यास पात्र होईल.