लाडूचा खुबा

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गवळी गाय-वासरू घेऊन उभा होता. पुण्यात आता गाय पुजायची तर ती अशी दारावर यावी लागते. सून तबक घेऊन निघाली, तिच्या मागोमाग नात. आमचा लाडू मात्र ओटीच्या वरच्या पायरीशी उभा राहून नुसता पाहत राहिला. अंगणात उतरायला पायऱ्या तीनच, पण तो उतरेना. लाडू म्हणजे आमचा कुत्रा. पिवळसर लॅब्रॅडॉर, वय महिने दहा. नातीने नाव ठेवले ते रंगावरून; पुढे त्याने ते आकारानेही सार्थ केले. नात म्हणाली, "आजी, हा आळशी झालाय." मी म्हटले, "तुझ्या बाबावर गेलाय," आणि आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला पुढे पुष्कळ दिवस लाज वाटत होती.

भाऊबीज झाल्यावर मुलगा त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गुंगी देऊन एक्स-रे काढले. खुब्याचा सांधा हा उखळी सांधा, असे आपण शाळेत शिकलो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसतो आणि तिथल्या तिथे फिरतो. लाडूची वाटी उथळ होती, गोळा अर्धा बाहेर. दोन्ही बाजूंना. पावलागणिक हाड हाडावर घासत होते आणि आम्ही त्याला आळशी म्हणत होतो! या दुखण्याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. पिल्लू जन्मते तेव्हा सांधा ठीक दिसतो. वाढत्या वयात तो सैल पडत जातो. मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जातींत हे फार, आणि ते आईबापांकडून येते. अमेरिकेत तर १९६६ सालापासून कुत्र्यांच्या खुब्यांची नोंद ठेवणारी संस्था आहे. जोडी जमवण्याआधी दोघांचेही एक्स-रे पाहावेत, एवढाच तिचा आग्रह. मुलाच्या लग्नात मी पत्रिका पाहिली, गोत्र विचारले, आजोळ कुठले तेही विचारले. लाडूला घेताना आम्ही त्याचा रंग पाहिला.

पण आनुवंशिकतेवर सारे ढकलून मोकळे होण्याची सोय डॉक्टरांनी ठेवली नाही. त्यांनी वजन विचारले. चौतीस किलो. "याला काय घालता, आजी?" त्यांनी नेमके मलाच विचारले. घरी आल्यावर नातीने एक जुना प्रयोग वाचून दाखवला. अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या, एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा अन्न कमी दिले. कमी खाणाऱ्यांचे खुबे पुष्कळ चांगले राहिले, हे १९९२ साली छापून आले; आणि ती सरासरी जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, हे २००२ साली. मी रोज सकाळी पोळीचा पहिला तुकडा तूप लावून त्याला देत होते. नामदेवांच्या गोष्टीतले कुत्रे कोरडी पोळी पळवते आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. ती गोष्ट मी नातीला किती कौतुकाने सांगत असे! नामदेवांचे कुत्रे दिवसभर गावभर हिंडणारे होते, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

उपाय तीन. पहिला, काही कापायचे नाही; वजन उतरवायचे, औषधे द्यायची, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या पसरायच्या. डॉक्टर म्हणाले, वर्षा-दीड वर्षाच्या सुमाराला पुष्कळ कुत्र्यांचे दुखणे आपोआप ओसरते, पण पुढे वाताने परत उसळते. दुसरा, सबंध सांधाच बदलायचा. तो खर्च आमच्या कल्पनेपलीकडचा. तिसरा, मांडीच्या हाडाचा गोळाच कापून टाकायचा. मग हाड हाडाला लागत नाही, आजूबाजूचे स्नायू आणि व्रण मिळून एक खोटा सांधा तयार करतात. लहान कुत्र्यांत हे छान जमते. तीस किलोच्या कुत्र्यात जमतेच असे नाही. आणि एकदा कापलेला गोळा परत बसवता येत नाही. "तुमचा असता तर काय केलं असतंत?" सुनेने विचारले. डॉक्टर प्रामाणिक असावेत, कारण ते गप्प बसले.

आम्ही पहिला उपाय धरला. खरे सांगायचे तर तो मी धरायला लावला. माझा युक्तिवाद असा. माणूस ऑपरेशनचे दुःख सोसतो ते उद्याच्या आशेवर. मुक्या जनावराला उद्या नाही. त्याला एवढेच कळणार, की ज्यांनी जेवू घातले त्यांनीच एके दिवशी उपाशी ठेवले, परक्याच्या हाती दिले, आणि जाग आली तेव्हा पाय पेटला होता. त्याचे कारण त्याला जन्मात कळणार नाही. असे दुःख आपण होऊन कोणाला द्यावे काय? मुलगा म्हणे, "आई, तान्ह्या पोराला सुई टोचतो तेव्हा त्याला कुठे कळतं?" मी म्हणे, पोर मोठे होते. "माझ्या लहानपणी तुम्ही असे का केलेत?" म्हणून जाब विचारू शकते. लाडू कधीच मोठा होणार नाही.

हे बोलताना मला वाटे की मी लाडूची बाजू मांडते आहे. हळूहळू ध्यानात आले, की त्याच युक्तिवादाला दुसरे टोक आहे. जो जाब विचारू शकत नाही, त्याच्या बाबतीत काही न करणेही तितकेच सोपे असते. ऑपरेशन बिघडले तर घरातले मला म्हणतील, तुमच्यामुळे झाले. काहीच केले नाही आणि तो दहा वर्षे कण्हत जगला, तर कोणी काही म्हणणार नाही, नशिबावर जाईल. मी लाडूला दुःखापासून वाचवत होते की स्वतःला ठपक्यापासून?

महाप्रस्थानाच्या गोष्टीत धर्मराज कुत्र्याला बाहेर टाकून स्वर्गात जायला नकार देतो. मोठेच केले त्याने. पण त्याला नुसते "नाही" म्हणायचे होते. त्या कुत्र्याची तंगडी धरून टेबलावर निजव, असे इंद्राने सांगितले असते तर धर्मराज काय म्हणाला असता, हे व्यासांनी लिहिलेले नाही.

यात माझ्या गुडघ्याचाही संबंध आहे. तो चार वर्षे कुरकुरतो आहे. बदलून घ्या, असे दोन डॉक्टरांनी सांगितले. मी सगळ्यांना सांगते, "वयाला मान द्यावा, शरीराशी फार झगडू नये." ऐकणाऱ्याला त्यात वैराग्य दिसते. आहे ती निव्वळ भीती. लाडूच्या खुब्यावर मी जो "निसर्गाने जाऊ द्या"चा लेप लावत होते, तो माझ्याच गुडघ्यावरचा उरलेला होता.

हिवाळ्यात वजन एकोणतीसवर आले. तूप-पोळी बंद झाली. तिचा त्रास मलाच अधिक झाला. तरीही डावा पाय सुधारेना. तो बसून जेवू लागला. चेंडू समोर ठेवला की तो चेंडूकडे पाही, मग आमच्याकडे, मग मान जमिनीला टेकवी. आणि माघात एके दिवशी नातीने सवयीने त्याच्या कमरेवर हात ठेवला, तेव्हा तो गुरगुरला. ज्याने आयुष्यात मांजरावरही आवाज चढवला नव्हता तो! गुरगुरून लगेच तिचा हात चाटू लागला. त्या रात्री मीच मुलाला म्हटले, "डाव्या बाजूचं करून टाकू या."

पैशाची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण ती मला अजून सुटलेली नाही. तपासण्या, ऑपरेशन, औषधे मिळून साठ हजार. आमच्याकडे वीस वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी सहज विचारले, "बाई, कुत्र्याला किती लागणार?" मी म्हटले, "तीस हजार." का, ते सांगायला नको. मावशींचे दोन्ही गुडघे माझ्याहून वाईट आहेत आणि त्यांचे भांडी घासणे उकिडवे बसूनच चालते. त्यांनी तीस हजारांवरही डोळे मोठे केले, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात म्हणाल्या, "करा, करा. मुकं जनावर." माझ्या जवळ माझ्या समर्थनाची सगळी वाक्ये तयार होती. कुत्र्यावर न खर्चलेला पैसा आपोआप मावशींच्या गुडघ्याकडे जातो असे थोडेच आहे, हे त्यांतले एक. ते खोटे नाही. पण तसा तो जात नाही, यालाही मीच कारण आहे. मी दुसऱ्या दिवशी एक ओटा न्हाणीत बांधून घेतला. भांडी आता उभ्याने घासता येतात. साठ आणि तीस यांतले अंतर त्याने भरून निघाले असे मी समजत नाही.

ऑपरेशन फाल्गुनात झाले. दोन रात्री तो बारीक आवाजात रडला आणि माझा अंदाज खरा ठरला. त्याला काही कळले नव्हते. एक अंदाज मात्र साफ चुकला. मला वाटले होते, तो आमच्यावर रुसेल. टाके पडलेल्या अंगाने तो रात्री सरकत सरकत माझ्या बाजेखाली आला आणि माझ्या चपलेवर तोंड ठेवून झोपला.

या ऑपरेशनात पाय लवकर वापरायला लावावा लागतो, निजवून ठेवून भागत नाही. आठव्या दिवशी घरात मी आणि मावशी दोघीच होतो. एक जुना पंचा त्याच्या पोटाखालून घातला. एक टोक त्यांनी धरले, एक मी. "हळू हं, बाई," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, मला की लाडूला, ते कळले नाही. तिन्ही पायऱ्या आम्ही एकेक करून, थांबत थांबत, हुश्श करीत उतरलो. अंगणात उभे राहिलो तेव्हा तिघांना मिळून पाय आठ होते. त्यांतले धड किती, ते आम्ही कोणी मोजले नाही.