वाढविलें, तर आपलेंहि करून घ्या

(वाचनपाठ: एस्तेर २:५-१५)



एस्तेर राणी होण्यापूर्वी पोरकी होती. आईबाप मेल्यावर तिचा चुलतभाऊ मर्दखय यानें तिला वाढविलें, आणि एवढ्यावर न थांबतां तिला आपली कन्या करून घेतलें. हीं दोन कृत्यें एक नव्हत. वाढविणें हें दयेचें काम आहे; आपलें करून घेणें हें वचनाचें काम आहे.

नायगांवच्या बाजूस अशीं घरें आपणांस ठाऊक आहेत. आई बाळंतपणांत गेली, बाप दुखण्यानें गेला, आणि मूल आजीच्या किंवा मावशीच्या पदराखालीं वाढलें. तिनें त्यास खाऊंपिऊं घातलें, शाळेंत धाडलें, उपासनेस आणलें. ती जिवंत आहे तोंवर कागद कोणी विचारीत नाहीं. पण तिचे डोळे मिटले म्हणजे भाऊबंद शेताच्या बांधावर उभे राहून विचारितात, हा कोण? तेथें प्रेमाची साक्ष पुरत नाहीं. ज्या घरास मूल आपलें म्हणालें, त्याच घराच्या दाराशीं तें दुसऱ्यानें पोरकें होतें.

याकोबानें हें ओळखलें होतें. उत्पत्तीच्या ४८ व्या अध्यायांत तो आपले नातू एफ्राईम व मनश्शे यांस पुत्र ठरवितो. म्हणूनच पुढें त्या दोघांच्या वंशांस देशांत वतन मिळालें.

आपल्या महाराष्ट्रांतहि असें उदाहरण आहे. साताऱ्याकडील दुसऱ्या एका नायगांवीं जन्मलेल्या सावित्रीबाई व त्यांचे पति जोतीराव फुले यांनीं काशीबाई नांवाच्या विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतलें. जोतीरावांनीं १८८७ सालीं मृत्युपत्र करून त्यास वारस नेमिलें. १८९० सालीं त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळीं आप्तांनीं यशवंताच्या हक्कास हरकत घेतली, तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें धरिलें, असें चरित्रकार सांगतात. हाच यशवंत डॉक्टर झाला, व १८९७ च्या प्लेगांत मायलेकांनीं रोग्यांची सेवा केली.

ख्रिस्ती कुटुंबांस पुष्कळ वर्षें बहुधा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचाच आधार असे. त्यानें पालकत्व मिळतें. पण मूल सज्ञान झालें कीं तें संपतें. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शबनम हाश्मी यांच्या खटल्यांत सांगितलें कीं, बाल न्याय कायद्याखालीं कोणत्याहि धर्माच्या मनुष्यास दत्तक घेतां येतें. २०१५ च्या कायद्यांत काका, आत्या, मामा, मावशी, आजी व आजोबा यांस आपल्या नात्यांतील मूल दत्तक घेण्याची वाट आहे. जन्मदात्यांची संमति, किंवा बाल कल्याण समितीची परवानगी लागते. मूल पांच वर्षांहून मोठें असल्यास त्याचीहि संमति लागते. हुकूम देण्याचा अधिकार २०२१ च्या दुरुस्तीनें जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला. हुकूम झाल्यावर तें मूल पोटच्या मुलाप्रमाणें वारस होतें. नायगांवकरांनीं नांदेड येथील जिल्हा बाल संरक्षण कक्षांत चौकशी करावी. मात्र टाकलेलें किंवा अनाथ मूल परस्पर घेणें अथवा देणें हा गुन्हा आहे, हें विसरूं नये.

कोणी मावशी म्हणेल, कागद केला तर माझ्या मेलेल्या बहिणीचें नांव पुसलें जाईल. बाई, भिऊं नका. एस्तेर मर्दखयाची कन्या झाली, तरी त्याच अध्यायांत तिचा बाप अबीहाईल याचें नांव लिहिलेलें आहे. मुलास खरें सांगा, आणि हक्कहि द्या. परंतु ज्यांचे आईबाप ऊसतोडीस गेले आहेत व परत येणार आहेत, त्यांचें लेकरूं केवळ सांभाळावें; दुसऱ्याचें आईपण घेऊं नये.

पौल रोमकरांस लिहितांना दत्तकपणा व वारसा यांची सांगड घालितो. देवानें आपणांस दारांत उभें करून केवळ भाकर दिली नाहीं. पुत्र म्हणून घरांत घेतलें व वतनांत वांटा दिला. ज्यांस असें दत्तक घेतलें गेलें, त्यांनीं आपल्या घरांतील पोरक्यास अर्ध्या वाटेवर ठेवावें काय?

उपदेशक बंधूंनो, आपापल्या मंडळींत अशीं मुलें कोणाकडे आहेत तें पाहा. ज्या म्हाताऱ्या आजीस लिहितां येत नाहीं, तिच्याबरोबर नांदेडास जा. तिचे हात चालत आहेत तोंवरच हें काम होऊं द्या.