धीर कुणी धरायचा?

मागच्या महिन्यात एका सभेत एक विद्वान बोलले, "समाज बदलायला वेळ लागतो. कारागिरासारखा धीर धरा." टाळ्या पडल्या. मीही वाजवली. लाज वाटते सांगायला.

माझी माय दरवर्षी बीडहून टोळीबरोबर ऊसतोडीला इकडं कोल्हापूरकडं येते. मी इथंच सूतगिरणीत. यंदा तिला नवा कोयता करून द्यायचा म्हणून रातपाळी सुटल्यावर घिसाड्याच्या पालावर जाऊन बसलो. कारागिराचा धीर मी तिथं भात्याशेजारी पाहिला.

ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा. नवरा सांडशीत धरतो, बायको घण घालते. घण तिचा, हे मुद्दाम लिहितो. कारागिरीचे गोडवे गाणारे तिला हमखास विसरतात. लोखंड तांबडं आहे तोवर ठोके. काळं पडलं की पुन्हा भट्टीत, कारण थंड्यावर ठोकलं तर चीर जाते. किती खेपा, मोजायचं सोडून दिलं. मग पाणी द्यायचं. पातं लाल करून फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली, काढली, दगडानं घासून चकचकीत केली आणि गडी नुसता बघत बसला. पाठीतली धग हळूहळू धारेकडं उतरते. आधी वाळल्या काडीसारखा पिवळा रंग येतो, त्याच्या मागून जांभळा, मग निळा. पिवळा धारेला टेकला, की झटक्यात पाण्यात! निळा येऊ दिला तर धार मऊ, दुमडणार. आधी बुडवलं तर कडक, टवका उडणार.

दोस्तहो, यात थांबणं भरपूर आहे. पण कुठवर थांबायचं हे त्याचा डोळा ठरवतो. सांडशी त्याच्या हातात आहे. आम्हांला शिकवतात तो धीर लोखंडाचा. भट्टीत पडून राहा, घण सोसा.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळ्यापुरता तोच ठराव केला. दोन्ही कागद थंड पडले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्याले. पुढं कोर्टकज्जे. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ ला. हा दहा वर्षांचा धीर मी मानतो. पण तो तळ्यावर गेल्यानंतरचा आहे.

आणि घिसाड्याचा धीर तरी त्यानं कुठं निवडला? जन्मानं गळ्यात पडला. पोराला शिकवणार का, विचारलं. "साळंत घातलाय. घण लई झाला," एवढंच बोलला. त्याच्या हाताचा मला मोह पडला होता, तो तिथंच उतरला.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. खाडा पडला की पैसे कापतो. बाप गेल्यापासून त्याच्या वहीत माझी माय अर्धा कोयता आहे.

नवा कोयता फडात नेऊन दिला. मायनं धारेवर अंगठा आडवा फिरवला, मग मनगटात तोलला.

"बोजा पुढं हाय. दिसभर हात मोडंल. परत घिऊन जा."

मी म्हणालो, "अगं माय, दोघांनी अख्खी सकाळ घातलीय त्याच्यावर."

"अन् म्या सा म्हैने घालनार हाय."