घरी सोडले, पण घरी कोण?

शास्त्रवाचन : मार्क ५:३५-४३



याईराच्या मुलीची गोष्ट शब्बाथशाळेत आपण सर्वांनीच शिकवली आहे. प्रभूने तिचा हात धरला, ती उठली, चालू लागली; येथे आपण थांबतो व मुलांना सुवर्णवचन पाठ करावयास देतो. परंतु मार्काने पुढे आणखी एक गोष्ट नोंदली आहे. मुलीला काही खावयास द्यावे, असे प्रभूने घरच्यांना सांगितले. ज्याने तिला मरणातून उठविले, त्याला तिची भूक भागविणे काय कठीण होते? पण ते काम त्याने घरच्यांकडे ठेवले. आईबाप थक्क होऊन उभे होते. त्या वेळी चुलीची आठवण कोणाला राहणार? ती प्रभूला राहिली.

या मुलीला आईबाप होते. ज्याच्या घरी कोणीच नाही, त्याला दवाखान्यातून आल्यावर खावयास कोण देणार, हा प्रश्न आम्हांला एका रविवारी लाज आणून गेला.

आमच्या बेळगावच्या मंडळीतील सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी खुब्याचे हाड मोडून दवाखान्यात होत्या. आम्ही भेटीस जात होतो, फळे नेत होतो. त्या रविवारीही दवाखान्यातील मावशींसाठी आम्ही व्यासपीठावरून लांबलचक प्रार्थना केली. उपासना सुटल्यावर त्यांची शेजारीण भेटली आणि म्हणाली, "अहो, त्या तर बुधवारीच घरी आल्यात!"

आम्ही तसेच निघालो. वॉकर भिंतीला टेकवलेला होता, मावशी खाटेवर होत्या. शेजारीण बिचारी कामावर जाताना चहा-पोळी देई व रात्री पुन्हा येई. मधला सारा दिवस मावशी पाणी पिणेच टाळीत होत्या, कारण संडास खाली बसण्याचा आणि तिथवर जाताना पडण्याची धास्ती. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या दोन दिवस चुकल्या होत्या. कार्ड इंग्रजीत होते, आणि चष्मा दवाखान्यातच राहिला होता. "कसं कळवू तुम्हाला? तुम्ही सगळी कामाची माणसं," एवढेच त्या म्हणाल्या.

दवाखान्याला दोष देणे सोपे होते. पण आपल्याकडचा दवाखाना, मग तो मिशनचा असो वा सरकारी, रोग्याबरोबर घरचे माणूस आहे हे धरूनच चालतो. डबा, औषधे, रात्रीचे जागरण सारे त्याच्याकडे. सोडतानाच्या सूचनाही त्यालाच सांगतात. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा खर्च बसतो. सोय मोठी आहे. परंतु ती गोळी वेळेवर हातात देणारे माणूस योजनेने कोठून आणावे?

बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या मनुष्याचे गाऱ्हाणे (योहान ५) हेच नव्हते काय? बरा होऊ इच्छितोस काय, असे प्रभूने विचारले तेव्हा तो दुखण्याविषयी बोललाच नाही. आपल्याला तळ्यात उतरवावयास कोणी माणूस नाही, असे तो म्हणाला. आणि भोवती गर्दी तर होतीच! आम्हीही त्या गर्दीतलेच. खरे सांगायचे तर दवाखान्यातील भेट आम्हांला आवडते. दहा मिनिटे उभे राहिले, एक प्रार्थना केली की समाधान वाटते. घरचा संडास धुण्यात तसे समाधान नाही.

पुढच्या सभेत एका वडिलांनी विचारले, "हे मुलाचे कर्तव्य नव्हे का?" आहे, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांविषयीचा कायदाही तेच सांगतो. पण मुलगा परदेशी, आणि दुपारचे जेवण आजचे. प्रेषितांची कृत्ये अध्याय ६ मध्ये विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा झाली, तेव्हा प्रेषितांनी विधवांच्या नातलगांचा शोध काढीत न बसता मंडळीतून सात माणसे निवडून घेतली.

आम्ही एक वही केली. मंडळीत एकटे राहणारे लिहू लागलो, तो नावे एका पानात मावेनात! प्रत्येक नावापुढे एका सभासदाचे नाव व फोन घातला, दवाखान्यात "नातेवाईक कोण?" असे विचारले की हाच सांगावयाचा. सोडण्याच्या दिवशी त्याने सिस्टरजवळ उभे राहून विचारून घ्यावे : कोणती गोळी केव्हा, टाके कधी काढावयाचे, काय झाले तर लगेच परत आणावयाचे. ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज, धाप, यांपैकी काहीही दिसले तर रविवारची वाट पाहावयाची नाही. रोगी घरी येण्याआधी कमोडची खुर्ची आणावी, घसरणारी चटई उचलावी, पिण्याचे पाणी हाताच्या उंचीवर ठेवावे. जेथे मंडळी पोहोचू शकत नाही तेथील ज्येष्ठांसाठी २०२१ पासून १४५६७ हा एल्डरलाईनचा विनामूल्य फोन देशभर आहे.

शब्बाथशाळेच्या मोठ्या मुलांनी मावशींचा औषधाचा तक्ता ठळक मराठी अक्षरांत लिहिला. शिक्षिकाबाईंनी तो औषधाच्या दुकानात नेऊन कार्डाशी ताडून पाहिला. सकाळच्या गोळीपुढे मुलांनी सूर्य काढला, रात्रीच्या गोळीपुढे चंद्र. मावशींना तो फार आवडला. घराची दुसरी किल्ली आमच्याकडे असणे मात्र मुळीच आवडले नाही. "मी काय लहान आहे?" असे म्हणून त्यांनी ती चार दिवस दिली नाही, व आम्हीही ओढून घेतली नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच शेजारणीच्या हाती पाठवली.

या महिनाअखेर आमच्यातील एक निवृत्त गुरुजी ऑपरेशन होऊन घरी येतील. तेही एकटेच. रात्री सोबतीला राहणारे दोघे ठरले आहेत. दुपारच्या डब्यासाठी मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.