नळ उघडणारा हात

साताऱ्याच्या शाळेत छोट्या भीमरावाला तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरत नसे. बाकीची मुलं नळाशी जात, तोटी सोडत आणि ओंजळीनं पाणी पीत. भीमरावाला मात्र तोटीला हात लावायची मनाई होती. शाळेच्या शिपायानं येऊन नळ उघडायचा, तेव्हा याला पाणी मिळायचं. शिपाई नसला की घसा कोरडा. बाबासाहेब आंबेडकरांनी ही आठवण पुढे स्वतःच लिहून ठेवली.

ही हकिगत आठवली की माझं मन त्या शिपायापाशी घुटमळतं. तो दुष्ट होता असं मानायला कारण नाही, नळ उघडायचं काम तो करतच होता. पण एका मुलाचं पाणी त्याच्या हजेरीवर अवलंबून होतं. त्याचा मूड, त्याची रजा, त्याचं जेवण, सगळं त्या पाण्यात उतरायचं. माणसाच्या चांगुलपणावर टिकलेली सोय चांगुलपणा दमला की संपते. सहानुभूतीनं चालणाऱ्या संस्थांकडे पाहताना मला म्हणून थोडी धास्ती वाटते.

बाबासाहेबांचं मूळ गाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. याच जिल्ह्यातलं, संगमेश्वराजवळचं मावळंगे हे दुसऱ्या एका घराण्याचं मूळ गाव. त्या घराण्यातले गणेश वासुदेव मावळणकर बडोद्यात १८८८ साली जन्मले, काही काळ राजापुरात शिकले, अहमदाबादेत वकील झाले आणि १९५२ साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. दोन घराणी एकाच जिल्ह्यातली, आणि बडोदं दोघांच्याही वाट्याला आलं. बाबासाहेबांच्या वाट्याला आलेलं बडोदं वेगळं होतं. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. मुलाला पाणी देणाराही शिपाई, साहेबाकडे फायली फेकणाराही शिपाई. कुणाला कसं वागवायचं हे त्या दोघांनी काही स्वतः ठरवलेलं नव्हतं. ते ठरवणारे खुर्च्यांवर बसलेले होते.

मावळणकरांचं नाव निघालं की आपल्याला सभागृह, खुर्ची, शिस्त आठवते. खुर्चीमागच्या कार्यालयाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एके काळी मध्यवर्ती कायदेमंडळाचं दप्तर सांभाळणारी माणसं सरकारच्याच खात्यातली असत. म्हणजे सरकारला प्रश्न विचारायचा आणि तो प्रश्न सरकारच्याच कारकुनानं छाननीला घ्यायचा. सभागृहाचे तेव्हाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी हे चालू दिलं नाही. १९२८ च्या सप्टेंबरात सभागृहानं ठराव केला आणि १९२९ च्या जानेवारीत सभागृहाचं स्वतंत्र कार्यालय उभं राहिलं. पुढे हीच तरतूद राज्यघटनेच्या कलम ९८ मध्ये संसदेसाठी आणि कलम १८७ मध्ये राज्यांच्या विधिमंडळांसाठी आली. घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष आंबडव्याचे, आणि त्या स्वतंत्र सचिवालयाची घडी बसवणारे अध्यक्ष मावळंग्याचे. आपल्या जिल्ह्यानं मिरवावं असं हे काही आहे. पण आपण सहसा आंबा आणि गणपतीपुळंच मिरवतो.

या स्वातंत्र्याची एक गोम आहे. सचिवालय सरकारच्या ताब्यात नाही म्हणजे सरकारी परिपत्रकही तिथं आपसूक लागू होत नाही. सचिवालयानं ते स्वतःहून आपलंसं करावं लागतं, आपल्या नियमांत बसवावं लागतं. घराची कडी आतून असली की बाहेरचा माणूस ती लावू शकत नाही आणि काढूही शकत नाही. समतेचा कायदा करणारं सभागृह आणि त्याचं दप्तर सांभाळणारं कार्यालय एकाच इमारतीत असतात. तरी कायद्यातली समता आपोआप जिना उतरून कार्यालयात येत नाही.

साधा हिशेब बघा. मीरा कुमार २००९ साली लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्या खुर्चीखालच्या सचिवालयाला पहिल्या महिला महासचिव, स्नेहलता श्रीवास्तव, मिळाल्या त्या २०१७ च्या डिसेंबरात. राज्यसभेत व्ही. एस. रमादेवी १९९३ मध्येच त्या पदावर आल्या होत्या, तेव्हा 'बाया तयार नव्हत्या' ही सबब लोकसभेला चालणारी नव्हती. निवडून येणाऱ्या खुर्चीवर लोकांचं लक्ष असतं. बढतीच्या फायलीवर कुणाचं नसतं.

आणखी एक गोष्ट. मावळणकर अध्यक्ष असतानाच, १९५३ च्या पोटनिवडणुकीत, कोलकात्यातून साधन गुप्ता लोकसभेवर निवडून आले. व्यवसायानं वकील आणि पूर्ण दृष्टिहीन. संसदेचं सारं काम कागदावर चालतं: कामकाजपत्रिका, प्रश्नांच्या याद्या, विधेयकं, दुरुस्त्या. छापील कागद दृष्टिहीन माणसाशी स्वतःहून बोलत नाही, तो कुणीतरी वाचून दाखवावा लागतो. मतदारांनी आपलं काम चोख केलं होतं. आता प्रश्न दप्तराचा होता. सदस्याच्या हाती कागद ठेवला म्हणजे माहिती पोचली, असं धरून चालणाऱ्या प्रत्येक कार्यालयानं या निवडणुकीचा विचार करावा. भाषेचंही तेच. लोकसभेत एकाच वेळी चालणारं हिंदी-इंग्रजी भाषांतर १९६४ मध्ये सुरू झालं. तोवर एका भाषेतलं भाषण दुसरी भाषाच जाणणाऱ्या सदस्यापर्यंत शेजाऱ्याच्या कृपेनंच पोचायचं. काचेमागे बसलेला तो दुभाषी आला, आणि शेजाऱ्याच्या कृपेची जागा हक्कानं घेतली.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण नागपूरचं. डिसेंबर २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपलं अडीच महिन्यांचं बाळ घेऊन विधानभवनात आल्या. फोटो निघाले, कौतुक झालं, हिरकणी कक्षाची, म्हणजे बाळाला पाजायच्या खोलीची, घोषणा झाली. दोनच महिन्यांनी मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या पुन्हा बाळाला घेऊन आल्या, तेव्हा त्या कक्षातली धूळ आणि गैरसोय पाहून त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. मला त्या तक्रारीचं मोल कौतुकापेक्षा जास्त वाटतं. आमदाराला कॅमेरा मिळतो, तिचं म्हणणं संध्याकाळच्या बातम्यांत येतं. त्याच इमारतीत रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्या प्रतिवेदक असतात, ग्रंथालयातल्या, टंकलेखनातल्या, सफाईतल्या बायका असतात. त्यांचंही बाळ घरी असतं. कक्ष त्यांच्यासाठी उघडा आहे का, आणि उघडा असला तरी तिथं वीस मिनिटं जायची मोकळीक वरिष्ठ देतात का, हे विचारायला कॅमेरा जात नाही.

रायगडाच्या हिरकणीची गोष्ट आपण सगळे शाळेत शिकलो. सांज झाली, दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियम पाळला आणि ती तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. आपण पिढ्यान् पिढ्या तिच्या धाडसाला मान देतो, द्यायलाच हवा. पण आज कुठल्याही कार्यालयात एखादी बाई, एखादा चाकाच्या खुर्चीतला माणूस असा कडा उतरून वेळेवर कामाला पोचत असेल, तर 'किती जिद्दीचा' म्हणून सत्कार करण्याआधी दरवाज्याची वेळ कुणी ठरवली ते बघायला हवं. दिव्यांग कर्मचाऱ्याच्या सत्काराला मी अनेकदा गेलो आहे. शाल, श्रीफळ आणि मंचावर चढायला चार पायऱ्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या. इमारती सुगम करायच्या म्हटलं, मुदतही घातली. तरी २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. राजीव रतुरी यांच्या याचिकेवरचा तो निकाल. याचिका दाखल झाली होती २००५ साली.

दिल्ली-मुंबईची सभागृहं आपल्यापासून दूर आहेत. पण प्रत्येक गावाला स्वतःचं एक सभागृह आहे, ग्रामसभा. तिथं आपण कुणी प्रतिनिधी पाठवत नाही, प्रत्येक मतदार स्वतःच सदस्य असतो. तिचं सचिवालय म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), एखादा लिपिक आणि एक शिपाई. महाराष्ट्राच्या कायद्यानं ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायला लावली आहे, आणि ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला ५ टक्के पैसा दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. कागद तयार आहे. उरतो तो कोकणचा पाऊस. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला आपल्याकडे जांभ्याच्या पायरीवर बोटभर शेवाळ असतं. उतार बांधलेला असला तरी वर गुळगुळीत फरशी बसवलेली असते, म्हणजे चाकाच्या खुर्चीला ती घसरगुंडीच. शहरातला नकाशा जसाच्या तसा उचलला की असं होतं. खरबरीत चिरा, दोन्ही बाजूंना कठडा, वर पत्र्याची पडवी, एवढंच लागतं, आणि ते स्वनिधीतून सहज होतं.

सभेच्या जागेचाही विचार व्हावा. पुष्कळ गावांत ती देवळाच्या सभामंडपात भरते, आणि सवयीनं भरते म्हणून त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रत्नागिरीत २२ फेब्रुवारी १९३१ रोजी भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून आणि सावरकरांच्या पुढाकारानं सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उघडलं, कारण बाकीच्या मंडपांत सगळ्यांना जागा नव्हती. आज मनाई कुठं लिहिलेली नसते. तरी कोण आत बसतं आणि कोण बाहेर चपलांपाशी उभं राहून ऐकतं, हे पाहणाऱ्याला दिसतं. पाळी चालू आहे म्हणून एखादी बाई मंडपात येत नाही आणि तिचं मत इतिवृत्तात येत नाही.

तेव्हा येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर शिपायानं दवंडी देण्याआधी एक विषय घालता येईल: सभा शाळेच्या व्हरांड्यात भरवणे. सूचक म्हणून सही त्या चपलांपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची घ्यावी.