तथागतांची पाठ, माझी कंबर

वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं तेव्हा मी मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. हयात एसटीच्या ड्रायव्हर सीटवर गेली. इंजिनाचे हादरे, खड्डे, दिवसभर क्लच. आता मणक्यात गॅप आहे. सतरंजीवर बसलो तर उठवायला माणूस लागतो.

पुतण्याचं मेडिकल स्टोअर आहे. तो म्हणाला, “काका, जर्मनीत गांजाच्या झाडापासून कंबरदुखीचं औषध काढलंय.” २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये चाचणी छापून आली. जुनाट कंबरदुखीचे ८२० रुग्ण, १२ आठवडे. काहींना व्हीईआर-०१ नावाचा अर्क, बाकीच्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं. दहाच्या मापावर अर्कानं दुखणं सरासरी १.९ नं उतरलं. खोट्या औषधापेक्षा ०.६ नं जास्त. ०.६ म्हणजे फार नाही, हे मलाही कळतं. पण कूस बदलायला ज्याला खाटेची कड धरावी लागते, त्याला तेवढंही पुष्कळ वाटतं.

अडचण पाचव्या शीलाची, नशा न करण्याच्या. वडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात दारूचा थेंब आला नाही. चिलमीपायी बसलेली घरंही मी वस्तीत पाहिलीत. शेजारचे उपासक म्हणाले, “सहन करा दादा, वेदना अनित्य आहे.” ज्याची कंबर दुखत नाही त्याला हे फार लवकर सुचतं.

मी भंतेजींना विचारलं. त्यांनी विनयपिटकातला महावग्ग काढला. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचं दुखणं होतं. वैद्यांनी तेलाचा काढा सांगितला, त्यात मद्य घालावं लागायचं. भगवंतांनी परवानगी दिली. मग काही भिक्खूंनी मद्य जास्त घातलं, प्यायले आणि झिंगले. तेव्हा नियम आला: तेलात मद्याचा रंग, वास, चव कळता कामा नये. जास्त मद्याचं उरलेलं तेल फेकू नका, अंगाला चोळा. मला हे फार आवडलं. आधी आजारी माणूस पाहिला, मग गैरवापर पाहिला, मग मात्रा ठरली. औषधावरच बंदी आली नाही. पिलिंदवच्छाच्याच अंगदुखीसाठी पुढे ‘भंगोदका’ची परवानगी आहे. कुणी त्याला भांगेचं पाणी म्हणतं, कुणी नुसता पाल्याचा काढा. तसंही ते अंग शेकायला, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही.

मला जास्त धीर आला तो दुसऱ्या गोष्टीनं. पावा इथं मल्लांच्या नव्या सभागृहात भगवंतांची पाठ दुखू लागली. त्यांनी पुढचा उपदेश सारिपुत्तांवर सोपवला, संघाटीची चौपदरी घडी केली आणि उजव्या कुशीवर आडवे झाले. खुद्द तथागत पाठीला आराम देतात, तर मी सतरंजीवर कुणासाठी दात आवळून बसू?

तरी शील उरतंच. पाचव्या शीलाचा रोख माझ्या मते प्रमादावर आहे, झाडावर नाही. त्या चाचणीत अर्क घेणाऱ्यांना चक्कर येण्याचा त्रास जास्त झाला. चक्कर म्हणजे काय ते ड्रायव्हरला विचारा; मागे पन्नास माणसं झोपलेली असतात. तेच औषध खाटेवरच्या म्हाताऱ्यानं घेतलं तर उपचार, स्टिअरिंगवरच्यानं घेतलं तर प्रमाद. पुतण्याच्या दुकानातली खोकल्याची झोप आणणारी बाटली शीलात बसते की नाही, हे मात्र आजवर कुणी विचारलं नाही! नाव गांजाचं आलं की सगळे सावध.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानं गांजा, चरस बंद. पानं त्या व्याख्येबाहेर, म्हणून आयुर्वेदाची विजयेची, म्हणजे भांगेची, औषधं चालतात. त्या तेलांच्या जाहिराती पुतण्या दाखवतो, पण मोठी चाचणी झाली ती वेगळ्या अर्काची, म्हणून मी ती घेत नाही. तो अर्क इथं रीतसर, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळाला तर घेईन, भंतेजींना सांगून घेईन. मात्र तेव्हा नातीला स्कूटरवर शाळेत सोडणं बंद. सून कुरकुरेल, तिची सकाळची ड्यूटी असते.